जॉमेट्री डॅश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलनीतल्या पोरांना हा खेळ मी दाखवला, आणि वर्षभरात ती माझ्यापुढे निघून गेली. तरी अडलं की प्रश्न मलाच येतात. त्यांचे येतात, त्यांच्या मामेभावांचे येतात, कधीकधी त्यांच्या आईवडलांचेही. तीच तीच उत्तरं पुन्हा टाईप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत. खेळ येत असेल तर थेट ५ पासून वाचा.

१. हा खेळ नेमका आहे तरी काय?

एक चौकोनी ठोकळा आपोआप उजवीकडे धावतो. तो थांबत नाही आणि त्याला मागेही जाता येत नाही. वाटेत काटे, खड्डे, भिंती येतात. तुमच्या हातात एकच गोष्ट आहे: टॅप. टॅप केलं की ठोकळा उडी मारतो. काही लागलं की मेला आणि लेव्हल पहिल्यापासून सुरू. पडद्यावर ‘अटेम्प्ट २’, ‘अटेम्प्ट ३’ असा आकडा वाढत जातो. मागे गाणं वाजत असतं आणि अडथळे त्या गाण्याच्या ठोक्यांवर मांडलेले असतात.

रॉबर्ट टोपाला या स्वीडिश प्रोग्रामरने तो केला. ऑगस्ट २०१३ मध्ये तो फोनवर आला, डिसेंबर २०१४ मध्ये कॉम्प्युटरसाठी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर. मुख्य लेव्हल आता २२ आहेत, पहिली ‘स्टिरिओ मॅडनेस’ आणि बाविसावी ‘डॅश’. बहुतेक लेव्हल दीड मिनिटाच्या आसपास संपतात. दीड मिनिटाला तीन आठवडे लागतात, ही गोष्ट वेगळी.

२. म्हणजे टेम्पल रनसारखंच ना?

नाही. तिथे रस्ता दर वेळी वेगळा असतो आणि शेवट नसतो. इथे मुख्य लेव्हलमधला प्रत्येक काटा रोज त्याच जागी असतो, त्यामुळे चपळाईपेक्षा पाठांतर जास्त लागतं. पाठ झालेला अभंग अर्ध्या झोपेतही पुढे चालू राहतो, तसं व्हायला हवं.

३. फुकटचा घ्यावा की विकतचा? आणि फोनवर की कॉम्प्युटरवर?

आधी ‘जॉमेट्री डॅश लाइट’ घ्या. फुकट आहे, जाहिराती येतात, मोजक्याच लेव्हल आहेत आणि त्यात स्वतःची लेव्हल बनवायचा एडिटर नाही. शिवाय ‘मेल्टडाउन’, ‘वर्ल्ड’ आणि ‘सबझीरो’ असे तीन छोटे फुकट खेळही आहेत. ‘सबझीरो’तल्या तीन लेव्हल दिसायला सगळ्यात देखण्या, पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये. आठवडाभर लाइट खेळूनही मन भरलं नाही तर पूर्ण खेळ विकत घ्या. एकदाच पैसे द्यायचे असतात.

फोनवर घेतलेला खेळ स्टीमवर आपोआप मिळत नाही, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. प्रगती मात्र नेता येते (प्रश्न १७). दोन्हींतला खेळण्यातला फरक १३ मध्ये आहे.

४. दादा, पहिल्याच लेव्हलला ८० वेळा मेलो. मला जमणारच नाही का?

८० म्हणजे अजून बोहनीच झाली. स्टिरिओ मॅडनेसला माझे दीडशेच्या वर गेले होते, आणि त्यातले निम्मे पहिल्याच शिपमध्ये (ठोकळ्याचं उडतं यान होतं तो भाग). मेल्यावर सेकंदाभरात पुन्हा सुरू होतं, त्यामुळे ८० मरणं दहा-पंधरा मिनिटांत उरकतात. आकडा बघू नका, टक्के बघा. काल ३४ टक्क्यांवर मरत होतात आणि आज ५१ वर मरताय, तर गाडी चालू आहे. तीन दिवस त्याच टक्क्यावर असाल तर ७ वाचा.

५. टॅप नेमकं कधी करायचं? गाण्याकडे लक्ष द्यायचं की काट्याकडे?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

नवखा माणूस काट्याकडे बघतो, काटा जवळ आला की घाबरून टॅप करतो आणि उशीर होतो. सुरुवातीला कान वापरा. समजा गाणं मिनिटाला १६० ठोक्यांचं आहे. म्हणजे दर ठोका ०.३७५ सेकंदांनी. नेहमीच्या वेगात ठोकळा सेकंदाला साधारण १०.४ घरं जातो (एक घर म्हणजे ठोकळ्याएवढी जागा). गुणाकार केला तर दोन ठोक्यांमध्ये जेमतेम चार घरं होतात. लेव्हल बनवणारा याच हिशेबाने काटे ठेवतो, आणि त्यामुळे ठोका आणि उडी जुळतात. ज्याने शाळेत लेझीम खेळली आहे त्याला हे पटकन कळतं: पाऊल हलगीवर पडतं, पुढच्याच्या पायाकडे बघून टाकलं तर मागे राहता.

एक करून बघा. फोन बाजूला ठेवा, लेव्हलचं गाणं लावा आणि मांडीवर बोटाने ठोके धरा. दोनदा-तीनदा. मग खेळा. माझ्या भाचीला लागोपाठचे तीन काटे काही केल्या जमत नव्हते. तिला म्हटलं, टॅप करताना तोंडाने ‘धा’ म्हण. चौथ्या खेपेला पार.

आता यातली मेख. प्रत्येक टॅप ठोक्यावर नसतो. शिपमध्ये तर टॅपचा आणि ठोक्याचा फारसा संबंध राहत नाही. लोकांनी बनवलेल्या काही लेव्हलमध्ये उडी सुरांवर बसवलेली असते, काहींत शब्दांवर, आणि काहींत कशावरच नाही. तिथे कान फक्त ‘आता वेगळा भाग सुरू होतोय’ एवढं सांगतो. बाकीचं काम डोळ्याचं आणि शेवटी बोटाचं.

डोळ्यांबद्दलही एक गोष्ट. ठोकळ्याकडे बघू नका, ठोकळ्याच्या पुढे तीन-चार घरं बघा. गाडी चालवताना कोणी बॉनेटकडे बघत नाही.

६. टॅप करून सोडायचं की दाबून धरायचं?

क्यूबमध्ये, म्हणजे साध्या ठोकळ्याच्या भागात, दाबून धरलं तर जमिनीला टेकताक्षणी पुढची उडी आपोआप होते. सलग तीन पायऱ्या असतील तर हा आराम आहे. पण सवय लागली की घात होतो, कारण जिथे एक उडी मारून थांबायचं असतं तिथे बोट वेळेत उचललं जात नाही.

हवेतली गोल कडी, म्हणजे ऑर्ब, हिचा नियम जरा नाजूक आहे. हवेत असताना बोट दाबलं आणि दाबूनच ठेवलं, तर ऑर्बला शिवताच उडी लागते. पण जमिनीवरून उडी मारतानाचंच बोट अजून दाबलेलं असेल तर तो टॅप ‘खर्च’ झालेला असतो. ऑर्ब लागणार नाही. ‘ऑर्बवर टॅप केलं तरी काम केलं नाही’ अशी तक्रार येते तिच्यात दहापैकी नऊ वेळा हेच असतं. बोट उचला, मग पुन्हा दाबा.

७. प्रॅक्टिस मोडमध्ये लेव्हल पूर्ण होते, पण खऱ्या खेळात अर्ध्यावरच मरतो. असं का?

मला या पानावर एकच उत्तर ठेवायची परवानगी असती तर हे ठेवलं असतं.

मेलं की पहिल्यापासून, हा खेळाचा नियम. त्याचा परिणाम असा की लेव्हलचा पहिला भाग तुम्ही ५०० वेळा खेळता, मधला ६० वेळा आणि शेवटचा चार वेळा. सुरुवात पक्की, शेवट कच्चा. आणि तुम्ही त्या कच्च्या भागात पोचता तेव्हाच छातीत सगळ्यात जास्त धडधड असते. प्रॅक्टिस मोड यावरचा उपाय आहे (त्यात वाटेत खुणा, म्हणजे चेकपॉइंट, टाकता येतात आणि मेलं की शेवटच्या खुणेपासून सुरू होतं), पण बहुतेक जण तो उलटा वापरतात. दर दोन पावलांवर चेकपॉइंट टाकत लेव्हल एकदा ढकलत संपवली, की झाली प्रॅक्टिस असं समजतात.

मी असं करतो. पहिल्या फेरीत नकाशा समजून घेतो, चेकपॉइंट हवे तेवढे. दुसऱ्या फेरीत चेकपॉइंट फक्त जिथे भाग बदलतो तिथे, म्हणजे क्यूब संपून शिप सुरू होतं वगैरे. मग शेवटून मागे यायचं. शेवटच्या चेकपॉइंटपासून शेवटपर्यंत लागोपाठ तीनदा न मरता. मग त्याच्या आधीच्यापासून शेवटपर्यंत तीनदा. असं करत अर्ध्यापर्यंत मागे आलात की खरा खेळ सुरू करा. पुढे जाल तसतसा रस्ता ओळखीचा होत जातो.

व्यवहारातल्या दोन अडचणी. शिपमध्ये चेकपॉइंट टाकताना तुम्ही खाली कोसळत असाल तर प्रत्येक वेळी त्याच कोसळण्यात जिवंत व्हाल आणि मराल. तो चेकपॉइंट काढून टाका, पडद्यावर काढायचं बटण आहे (कीबोर्डवर झेड टाकतो, एक्स काढतो). आणि आपोआप चेकपॉइंट टाकण्याची सेटिंग बंद ठेवा. ती नेमकी नको तिथे टाकते.

प्रॅक्टिस मोडमध्ये मूळ गाणं न वाजता एक वेगळं, संथ गाणं वाजतं. त्यामुळे ५ मधली कानाची सवय तिथे होत नाही. नव्या आवृत्तीत प्रॅक्टिसमध्येही मूळ गाणं जागेवरून वाजवण्याची सोय आहे, ती चालू करून घ्या.

८. शिप सरळ उडतच नाही. एक तर छताला लागतो, नाहीतर जमिनीला.

दाबलं की वर, सोडलं की खाली, पण दोन्हींत थोडा ओघ असतो. बोट सोडल्यावरही शिप क्षणभर वर जात राहतं. अंगठा दाबून ठेवू नका. टप्‌-टप्‌-टप्‌ असे छोटे, सारख्या अंतराचे टॅप द्या. पोहे परतताना उलथनं हलकं फिरतं तसा हात हलका हवा. पोर्टलमध्ये, म्हणजे रूप बदलणाऱ्या दारात, शिरताना बोट दाबलेलं असेल तर शिप तत्काळ वर उसळतं, हेही ध्यानात ठेवा.

९. बॉल, यूएफओ, वेव्ह... प्रत्येकाचं वेगळं काय?

बॉल: टॅपला गुरुत्वाकर्षण उलटतं, पण पृष्ठभागाला टेकलेला असेल तरच. यूएफओ: हवेतही प्रत्येक टॅपला एक उसळी. वेव्ह: दाबलं की तिरकं वर, सोडलं की तिरकं खाली, मधला मार्ग नाही. रोबोट: जितका वेळ दाबाल तितकी उंच उडी. स्पायडर: टॅप केलं की समोरच्या छताला किंवा जमिनीला थेट चिकटतो. स्विंग: बॉलसारखाच, पण हवेतही उलटतो. तो २.२ या आवृत्तीत आला.

वेव्हबद्दल एवढंच सांगतो की तिचा तिटकारा येणं साहजिक आहे. अंगठ्याऐवजी तर्जनी वापरून बघा. फोन टेबलावर आडवा ठेवून.

१०. रंग लक्षात राहत नाहीत. पिवळा, गुलाबी, निळा... काय कशासाठी?

ऑर्बसाठी टॅप करावं लागतं, जमिनीवरचं पॅड शिवलं की आपोआप उडवतं. दोन्हींत पिवळा म्हणजे नेहमीची उडी, गुलाबी कमी, लाल जास्त, निळा गुरुत्वाकर्षण उलटवतो. ऑर्बमध्ये आणखीही रंग आहेत: हिरवा उलटवून वर उडीही देतो, काळा खाली आपटतो.

फसायला होतं ते निळ्यात. निळी ऑर्ब उलटवते, पण निळं गुरुत्वाकर्षणाचं पोर्टल सरळ करतं. उलटं करणारं पोर्टल पिवळं. आणि वेगाच्या बाणांमध्ये निळा म्हणजे नेहमीचा वेग. केशरी बाण वेग कमी करतो, मग हिरवा, गुलाबी आणि सगळ्यात जोरात लाल, सेकंदाला १९ घरांच्या वर. एकाच रंगाचे तीन अर्थ ज्याने ठेवले त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

११. काट्याला लागलोच नव्हतो तरी मेलो! गेम चीटिंग करतो का?

खरं तर उलट आहे. काट्याचा जो भाग मारतो तो दिसणाऱ्या काट्यापेक्षा खूप लहान असतो, मधोमध एक अरुंद उभा आयत. काट्याच्या कडेला घासूनही माणूस वाचतो ते त्यामुळेच. लोकांनी बनवलेल्या लेव्हलमध्ये मात्र सजावटीचे काटे आणि खरे काटे यांची गल्लत होते, कधी मुद्दाम. शंका असेल तर प्रॅक्टिस मोडमध्ये हिटबॉक्स (वस्तूचा खरा लागणारा भाग) दाखवण्याची सेटिंग चालू करा (२.२ पासून आहे). काट्यावर लाल चौकट असेल तर मरण, चौकटच नसेल तर नुसती रंगरंगोटी. हे एकदा पाहिलं की पुढे ‘चीटिंग’ची तक्रार निम्म्याने कमी होते.

१२. मी अगदी ठोक्यावर टॅप करतो तरी उशीर होतो. कान खराब की फोन?

ब्लूटूथ हेडफोन लावलाय का? मग कान आणि फोन दोन्ही ठीक आहेत. ब्लूटूथवरून आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग, कधी त्याहून जास्त वेळ जातो. पाचवा भाग म्हणजे २०० मिलिसेकंद, आणि तेवढ्यात ठोकळा दोन घरं पुढे गेलेला असतो. सिनेमा पाहताना हे कळत नाही, कारण तिथे चित्रही थांबवून जुळवतात. खेळात चित्र थांबवता येत नाही.

तारेचा साधा हेडफोन लावा, नाहीतर फोनचा स्पीकर. अप्पा बळवंत चौकातल्या एका टपरीवर मी शंभरच्या आतला वायरचा घेतला होता आणि महागड्या इयरबडपेक्षा तो दुप्पट टक्के देऊन गेला. स्पीकर वापरत असाल तर घरातल्यांना लवकरच तुमची लेव्हल पाठ होईल.

१३. कॉम्प्युटरवर सोपं जातं का? १४४ हर्ट्झचा स्क्रीन घ्यावा का?

माउस किंवा स्पेसबारवर बोट जास्त अचूक चालतं, आणि पडद्यावर अंगठा आडवा येत नाही. एवढा फायदा नक्की. पडद्याचं म्हणाल तर ६० हर्ट्झवर नवं चित्र साधारण १७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर ७ मिलिसेकंदांनी. वेव्हच्या अरुंद बोगद्यात फरक जाणवतो. जुन्या आवृत्त्यांत तर खेळाचं आतलं गणितच चित्रांच्या वेगाला बांधलेलं होतं, त्यामुळे जास्त हर्ट्झवाल्याला सरळसरळ लाभ होता. २.२ पासून ते गणित सेकंदाला २४० पावलांनी चालतं, पडदा कुठलाही असो. तेव्हा फक्त यासाठी नवा मॉनिटर घेऊ नका. फोनवर खेळून सगळ्यात अवघड लेव्हल संपवणारे लोक आहेत.

१४. तीन कॉइन घेतली होती, तरी मोजली नाहीत. आणि क्लबस्टेपला कुलूप का आहे?

प्रत्येक मुख्य लेव्हलमध्ये तीन लपवलेली सोनेरी कॉइन असतात. ती मोजली जाण्यासाठी दोन अटी: नॉर्मल मोड हवा आणि त्याच खेपेत लेव्हल पूर्ण व्हायला हवी. कॉइन घेऊन ९९ टक्क्यांवर मेलात तर हाती काहीच नाही. पण तिन्ही एकाच खेपेत घ्यायची सक्ती नाही. आज एक, उद्या दोन चालतात.

कुलपाचं कारणही हेच. ‘क्लबस्टेप’ला १० कॉइन लागतात, ‘थिअरी ऑफ एव्हरीथिंग २’ला २०, ‘डेडलॉक्ड’ला ३०. कॉइनची वाट नेहमी मुख्य रस्त्यापेक्षा अवघड असते, म्हणून आधी लेव्हल साधी संपवा आणि मग कॉइनसाठी परत या.

लोकांच्या लेव्हलमधली कॉइन वेगळी. मान्यता मिळालेली चंदेरी असतात आणि मोजली जातात. तपकिरी दिसत असतील तर ती अजून मान्य नाहीत.

१५. ‘डेमन’ म्हणजे नेमकं काय? पहिला डेमन कुठला घ्यावा?

लोकांनी बनवलेल्या लेव्हलला अवघडपणानुसार तारे मिळतात, १ ते १०. दहा ताऱ्यांची ती डेमन. तिच्यातही पाच पायऱ्या: इझी, मीडियम, हार्ड, इन्सेन, एक्स्ट्रीम. ‘इझी डेमन’ हे नाव ऐकून फसू नका, ते ‘सोपा गड’ म्हणण्यासारखं आहे. चढताना दम लागतोच.

१४ मधल्या तीन कुलपाच्या लेव्हल डेमनच आहेत, पण पहिला डेमन म्हणून त्या घेऊ नयेत असं माझं मत. लोकांनी केलेल्यांपैकी ‘द नाइटमेअर’ किंवा ‘द लाइटनिंग रोड’ घ्या. दोन्ही जुन्या, दिसायला साध्या आणि सरळ आहेत. तिथे हरलात तरी का हरलात ते कळतं.

वरच्या टोकाला वेगळंच जग आहे. २०१४ च्या ‘नाइन सर्कल्स’मधल्या लाल झगमगत्या वेव्हच्या भागाची नक्कल करत किती लेव्हल झाल्या याला गणती नाही. २०१५ मध्ये अनेकांनी मिळून केलेली ‘ब्लडबाथ’ आली आणि तेव्हा ती अशक्य वाटत होती. आज अवघड लेव्हलच्या यादीत ती कुठल्याकुठे खाली गेली आहे.

१६. ९० टक्क्यांच्या पुढे गेलो की हात थरथरतात. काय करू?

पहिला उपाय ७ मध्ये आहे. शेवट शंभरदा खेळलेला असेल तर थरथरत्या हातालाही तो येतो.

बाकी बारीकसारीक. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका. अंगठ्याला टाल्कम पावडर लावा, घामाने बोट अडखळत नाही. टक्क्यांचा आकडा सेटिंगमधून लपवता येतो, काही जणांना त्याने फार फरक पडतो. ‘थिअरी ऑफ एव्हरीथिंग २’ मी ९१ टक्क्यांवर असताना कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि आतून आवाज आला, “अरे गॅस बंद कर!” मी गॅसकडे बघितलं. तेवढं पुरलं. त्यानंतर अकरा दिवस गेले. आता मी भात झाल्यावर खेळायला बसतो.

आणि तासाभरात तीनदा ९० च्या पुढे जाऊन मेलात तर त्या दिवशी थांबा. चौथी खेप नेहमी १२ टक्क्यांवर संपते.

१७. फोन बदलला आणि सगळी प्रगती गेली. परत मिळेल का?

जुना फोन अजून हाताशी असेल तर मिळेल. खेळात अकाउंट काढणं वेगळं आणि त्यात सेव्ह करणं वेगळं. अकाउंट काढलं म्हणजे सगळं आपोआप वर जातं असं नाही. जुन्या फोनवर सेटिंगमध्ये अकाउंट उघडून ‘सेव्ह’ दाबायचं, मग नव्या फोनवर त्याच अकाउंटने शिरून ‘लोड’ दाबायचं. तुम्ही बनवलेल्या अर्धवट लेव्हलही त्याबरोबर येतात. फोनवरून कॉम्प्युटरवर जायचं असेल तरी रीत हीच.

सेव्ह न करता खेळ काढून टाकला असेल तर गेलं ते गेलं. शेजारच्या एका मुलाची दोन वर्षांची प्रगती दुरुस्तीवाल्याने फोन पुसल्यावर गेली. त्याने स्टिरिओ मॅडनेसपासून पुन्हा सुरू केलं आणि सगळं दोन महिन्यांत उरकलं. बोटं काही पुसली गेली नव्हती.

१८. ढोल-ताशाच्या वादनावर स्वतःची लेव्हल करता येईल का?

येईल, पण अर्धीच. पूर्ण खेळात एडिटर आहे. लेव्हलला मुख्यतः न्यूग्राउंड्स या संकेतस्थळावरची गाणी क्रमांक टाकून जोडता येतात, आणि तीही परवानगी असलेल्या कलाकारांची. तुमच्या पथकाची ध्वनिफीत थेट चढवता येत नाही. कॉम्प्युटरवर डाउनलोड झालेल्या गाण्याची फाइल त्याच नावाच्या दुसऱ्या फाइलने बदलली तर तुमच्याकडे ढोल वाजेल. लेव्हल प्रसिद्ध केली की दुसऱ्यांना मात्र मूळ गाणंच ऐकू येईल.

तरी घरच्या घरी करून बघाच. ठोके धरायला एडिटरमध्ये छान सोय आहे: गाणं वाजवायचं, बोटाने ठोके टिपायचे, तिथे उभ्या रेषा उमटतात. पथकाच्या वादनाला ठरावीक वेगाच्या रेषा चालत नाहीत. लय चढत जाते, आणि मिनिटाभरात रेषा एकीकडे आणि टिपरू दुसरीकडे होतं. तिथे हातानेच टिपावं लागतं. ताशाच्या प्रत्येक टिपरीवर काटा ठेवायचा मोह आवरा. काटे ढोलाच्या टोल्यावर ठेवा, ताशाला सजावट द्या.

प्रसिद्ध करायच्या आधी स्वतःची लेव्हल चेकपॉइंटशिवाय एका दमात पूर्ण करून दाखवावी लागते, कॉइन ठेवली असतील तर त्यांच्यासकट. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आधी स्वतः उतरायचं.

१९. लेव्हल कॉपी करून मधूनच सुरू करणं, हॅक वापरणं... यातलं काय चालतं?

बनवणाऱ्याने परवानगी ठेवली असेल तर लेव्हलची प्रत काढून एडिटरमध्ये ‘स्टार्टपॉस’ टाकता येतो आणि मधूनच खेळता येतं. हा सराव आहे, चीटिंग नाही. प्रॅक्टिस मोडपेक्षा बरा, कारण गाणं बरोबर जागेवरून वाजतं. मुख्य लेव्हलची अशी प्रत काढता येत नाही, तिथे ७ मधलीच रीत.

नोक्लिप, म्हणजे लागलं तरी न मरणं, सरावाला वापरणारे वापरतात. त्यावर ‘पूर्ण केली’ म्हणून सांगितलं तर ती लबाडी. वर्गात एकदा पकडले गेलात की पुढची खरी लेव्हलही कोणी खरी मानत नाही. नुसते मेनू सुधारणारे, आकडे दाखवणारे मॉड बहुतेकांना चालतात. पण कुठल्याही यूट्यूब व्हिडिओखालच्या लिंकवरून फुकट पूर्ण खेळ उतरवू नका. त्यासोबत फोनमध्ये काय येतं ते नंतर कळतं.

२०. खूप झगमग असते. डोळ्यांना त्रास होतो. काही उपाय?

सेटिंगमध्ये पडदा हलणं बंद करता येतं, आणि बऱ्याच लेव्हलना ‘लो डिटेल मोड’ असतो, त्याने सजावट आणि चमक कमी होते. अंधाऱ्या खोलीत खेळू नका. घरात कोणाला फिट्स येत असतील, त्यातही झगमगाटाने येत असतील, तर हा खेळ त्यांच्यासाठी नाही. लो डिटेलमध्येही नाही. आधी डॉक्टरांना विचारा.

२१. आमचा मुलगा एकाच जागी तासन्‌तास मरत बसतो आणि चिडतो. खेळू द्यावं का?

काकू, खेळात मारामारी नाही, रक्त नाही. चिडणं मात्र आहे. तो चिडायला लागला की सुधारणाही थांबलेली असते, तेव्हा थांबवण्यात त्याचंही काही जात नाही. वेळेपेक्षा खेपा ठरवून द्या: “अजून दहा अटेम्प्ट, मग जेवायला.” ‘अजून पाच मिनिटं’ म्हणालात तर ती पाच मिनिटं ९० टक्क्यांवर असताना संपतात आणि मग घरात महाभारत होतं.

लक्ष ठेवायचं ते लेव्हलखालच्या प्रतिक्रियांवर. तिथे अनोळखी लोक काहीही लिहितात. लहान मुलांना ऑनलाइन भाग न उघडता मुख्य लेव्हल खेळता येतात. आणि मनगट दुखतंय म्हणाला तर त्या दिवशी बंद.

२२. २.२ मध्ये मागेही जाता येतं म्हणे. मग ताल कुठे राहिला?

डिसेंबर २०२३ मध्ये २.२ आली, जवळजवळ सात वर्षं वाट पाहायला लावून (आधीची २.१ जानेवारी २०१७ ची). तिच्यात प्लॅटफॉर्मर लेव्हल आल्या. तिथे ठोकळा आपोआप धावत नाही. डावीकडे-उजवीकडे तुम्हीच न्यायचा, हवं तर थांबायचं. ‘द टॉवर’ आणि पुढच्या तीन लेव्हल खेळातच आहेत, आणि अशा लेव्हलना ताऱ्यांऐवजी चंद्र मिळतात.

हो, ताल तिथे नाही. गाणं नुसतं मागे वाजतं. पहिल्यांदा खेळताना मी एका काट्यासमोर येऊन थांबलो आणि पुढे काय करायचं ते सुचेना. एवढ्या वर्षांत तिथे थांबायची वेळच आली नव्हती. भाची शेजारून म्हणाली, “मामा, उडी मार ना, कोण मागे लागलंय?”